गिरडचा दगड आणि आगीची बेटं

गिरडच्या टेकडीवर दर्ग्याकडे चढताना नजर पायाखाली ठेवावी. पायवाटेच्या कडेला मुरमात गोलसर दगड सापडतात. एखादा तळहातावर घेतला की तो माणसाने घडवला असावा असंच वाटतं. फुटलेला असला तर आत पांढरट खनिज चमकतं. या दगडांची गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांचा हा दर्गा, त्या शेख फरीदबाबांची दोन व्यापाऱ्यांनी थट्टा केली आणि बाबांनी त्यांचा सगळा माल, नारळांसकट, दगड करून टाकला. हिंदू आणि मुसलमान दोघेही ही गोष्ट सांगतात आणि दोघेही टेकडी चढतात.

गिरड वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आहे. तालुक्याच्या नावात समुद्र आहे, पण खरा समुद्र इथून शेकडो कोस दूर. तरीही या दगडाचा माग काढत गेलं, तर वाट हिंदी महासागरातल्या एका जळत्या बेटावर पोचते.

हा दगड म्हणजे झिओलाइट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, खडकात पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं पाणी झिरपत राहतं आणि त्या पोकळ्या खनिजांनी भरून काढतं. भोवतालचा काळा पाषाण झिजून माती होतो, गोळे मात्र उरतात. तीच माती आपल्या वावरात आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि मृगाच्या पावसात फुगून बैलाच्या खुराला चिकटणारी, पऱ्हाटी पोसणारी ही काळी माती म्हणजे विझून कुजलेला लाव्हाच आहे.

हा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. एका डोंगराच्या तोंडातून नव्हे, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून, थरावर थर. आज उरलेला त्याचा विस्तार सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पूर्वेकडे तो पातळ होत येतो आणि नागपूरच्या आसपास संपतो. म्हणजे वर्धा जिल्हा या दगडी समुद्राचा काठ आहे.

दोन थरांच्या मध्ये शांततेचा काळ असे. तळी साचत, झाडं उगवत, गोगलगायी फिरत. मग पुन्हा लाव्हा येई आणि सगळं झाकून टाकी. नागपूरला राहणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांचे जीवाश्म चिकाटीने गोळा केले. छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलान इथे तर निपा नावाच्या पामाची फळं दगड झालेली सापडली. निपा खाडीकाठच्या मचूळ पाण्यात वाढतो. नारळाच्या कुळातलं फळ खरोखरच दगड झालं होतं. गिरडचे गोळे फळं नाहीत, हे खरं. पण फळं दगड झाल्याची जी गोष्ट श्रद्धेने जपली, तिच्यासारखंच काहीतरी याच लाव्ह्याच्या थरांत घडून गेलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग ती आग गेली कुठे? बहुतेक भूवैज्ञानिकांचं उत्तर असं, की आग फारशी हलली नाही, आपणच निघून आलो. पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येण्याची ती जागा जवळपास तिथेच राहिली आणि भारताची भूमी तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेली. मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटली: लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या प्रवाळाखालचा कणा, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रेयुनियाँ. 1987 साली जॉइडिस रिझोल्यूशन हे संशोधन जहाज पोर्ट लुईहून निघालं आणि वाटेत समुद्रतळ छेदत कोलंबोला पोचलं. त्याने वर काढलेल्या पाषाणाचं वय मालदीवजवळ सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षं भरलं, चागोसजवळ सुमारे 4 कोटी 90 लाख. मॉरिशस त्याहून कितीतरी तरुण, 80 ते 90 लाखांचं. रेयुनियाँ तर वीसेक लाखांचंच. गिरड विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढं आहे, जवळजवळ तेवढंच ते बेट दक्षिणेला आहे. मध्ये पाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर आणि एका खंडाची वाटचाल.

आता ही बेटं पाहायला निघालेल्या शंभर-दोनशे प्रवाशांची लहान जहाजं या समुद्रात फिरतात. मोठी बोट बंदरातच थांबते. ही लहान जहाजं नांगर टाकून रबरी होड्यांनी माणसं काठावर उतरवतात. मॉरिशस ते रेयुनियाँ हा एका रात्रीचा प्रवास. तिथला पितों द ला फुर्नेझ हा 2,632 मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. 2007 च्या उद्रेकात त्याचं विवरच सुमारे तीनशे मीटर खाली खचलं. ताजा लाव्हा तिथे काळा आणि दोरासारखा पिळलेला दिसतो. आपल्या पाषाणाचं ते बाळपण आहे.

त्याच बेटाच्या उंच कड्यांवर बॅरोचा पेट्रेल हा समुद्रपक्षी बिळात घरटं करतो. विज्ञानाला त्याची ओळख पटली ती 1964 साली. एप्रिलच्या सुमारास पिल्लं अंधारात पहिल्यांदाच समुद्राकडे झेपावतात. आकाशाचा मंद उजेड हीच त्यांची वाट. पण किनाऱ्यावरच्या गावांतले दिवे त्यांना चकवतात आणि ती रस्त्यावर कोसळतात. जमिनीवरून त्यांना उडता येत नाही. लोक त्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यात अलगद उचलून, त्यांना पुन्हा समुद्राकडे सोडणाऱ्यांकडे पोचवतात. त्या दिवसांत गावंच्या गावं दिवे मालवतात.

मॉरिशसने ही शहाणीव फार मोठी किंमत देऊन मिळवली. 1598 मध्ये डच तिथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. 1974 साली तिथल्या खरुची ससाण्याची संख्या रानात अवघी चारवर आली होती. पक्षीसंवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली अंडी उचलून उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते. त्यातून तो पक्षी शेकड्यांवर गेला. उत्तरेच्या राउंड आयलंड या ज्वालामुखी खडकावर सोडलेल्या शेळ्या-सशांनी झाडोरा फस्त केला होता. 1986 पर्यंत ती जनावरं हटवली, तेव्हा हिरवळ परतली. तिथला एक बोआ साप वाचला; बिळात राहणारा दुसरा 1975 नंतर कोणालाच दिसला नाही.

मॉरिशसवर आपली माणसंही आहेत. 1834 नंतरच्या गिरमिटाच्या काळात मुंबई बंदरातून, मुख्यतः कोकणातून, मराठी मजूर तिथे गेले. उसाच्या शेतांतून वेचून रचलेल्या काळ्या दगडांच्या राशी आजही उभ्या आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसांनी समुद्रापार जाऊन त्याच आगीचा दगड उचलला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणीच हवं असं नाही. आपल्या सेलू तालुक्यातलं बोर पाहा. 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा सुमारे 138 चौरस किलोमीटरचा हा देशातला सर्वांत लहान प्रकल्प होता. लाव्ह्याच्या टेकड्यांवरचं सागवान आणि भोवती कपाशी, तूर, सोयाबीनची वावरं. पेंच, मेळघाट, ताडोबा यांच्या मधलं हे रान. वाघाला एवढी जागा पुरत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ 2019 मध्ये तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. तो वावरांतून, नाल्यांच्या काठाने, रस्ते ओलांडत गेला.

डोडोला पळून जायला जागा नव्हती. बोरच्या वाघाला ती आहे, पण ती आपल्या वावरांतून जाते. नाल्याकाठचं झुडूप राखलं, समृद्धी महामार्गाखालचे प्राण्यांसाठीचे मार्ग मोकळे ठेवले, कुंपणात जिवंत वीज सोडली नाही, तर हे बेट बेट राहणार नाही. पेट्रेलच्या पिल्लासाठी तिकडे माणसं दिवे मालवतात. इकडे आपल्याला एवढंच करायचं आहे, की रात्री तुरीतून कोणी चालत गेलं तर त्याला जाऊ द्यायचं.