तडकलेल्या काचेचा फोन

आमची सून वेब डेव्हलपर. तिच्या टेबलावर दोन मोठे मॉनिटर आणि शेजारी काच तडकलेला एक जुना फोन. तो ती काही केल्या टाकत नाही. का, ते कळलं आमच्या बचत गटाची वेबसाइट ती करायला बसली तेव्हा.

गटाची यादी डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. तो फाँट नसलेल्या संगणकावर 'भाजणी'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं! अशा फाँटमधलं अक्षर दिसायलाच मराठी. आत क्रमांक असतो इंग्रजी अक्षराचा. देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले ते १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडमुळे. सुनेने प्रोग्राम लावून यादी युनिकोडमध्ये आणली. पण रफार भलतीकडेच, जोडाक्षरं मोडलेली. ती मी बसून दुरुस्त केली. (बी.ए. मराठी वाया गेलं नाही म्हणायचं!)

मग तिने क्रोम ब्राउझरमध्ये इंटरनेट मुद्दाम संथ केलं. तशी सोयच असते त्यात. जड फोटोंमुळे पान उघडेना, म्हणून फोटो हलके केले. तडकलेल्या फोनवर पाहिलं, तर 'आलेल्या ऑर्डर' हे बटण अर्धं पडद्याबाहेर!

"मॉनिटरवर सगळं छानच दिसतं हो आई. पण गटातल्या काकूंकडे असलेच फोन आहेत ना?" म्हणत तिने बटण आत घेतलं, चांगलं ठसठशीत केलं.

आता ऑर्डर बघायला काकूंना मुलाचा फोन मागावा लागत नाही. परवा तर त्यांनी चष्म्याशिवायच चकलीची ऑर्डर वाचून दाखवली.