सर्व्हर सुरू, फायली बेपत्ता

एका संगणकावरील फायली इतर अनेक संगणकांना आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरता याव्यात यासाठी केलेल्या व्यवस्थेला नेटवर्क फाइल शेअरिंग म्हणतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, पतसंस्थांची मुख्यालये, वर्तमानपत्रांचे पानजुळणी विभाग आणि रुग्णालयांतील क्ष-किरण प्रतिमांची साठवण यांचा रोजचा व्यवहार अशाच व्यवस्थेवर चालतो. ती महिनोन्‌महिने बिनतक्रार चालते. मात्र वीज जाऊन आली किंवा सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद करून पुन्हा चालू केला, की नेमकी त्याच दिवशी तक्रारींची रीघ लागते. सर्व्हर चालू असतो, त्यावरील सेवाही ‘सुरू’ असल्याचे पडदा सांगतो, पण फोल्डर उघडले तर ते रिकामे असते. असा बिघाड पुष्कळदा डिस्कमध्येही नसतो आणि तारांमध्येही नसतो. सर्व्हर चालू होताना कोणती सेवा कोणाच्या आधी उठली, या क्रमात तो दडलेला असतो.

लिनक्स आणि युनिक्स जगात यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, अर्थात एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ साली प्रचारात आणली. फायली पुरवणारा सर्व्हर आपली एखादी डिरेक्टरी इतरांसाठी खुली करतो आणि ती वापरणारा संगणक, म्हणजे क्लायंट, आपल्याकडील एका रिकाम्या डिरेक्टरीवर ती बसवतो. या बसवण्याला ‘माउंट’ करणे म्हणतात. माउंट झाल्यावर त्या डिरेक्टरीत दूरच्या सर्व्हरवरील फायली दिसू लागतात, आणि माउंट न झाल्यास तीच डिरेक्टरी आपल्या मूळ, रिकाम्या रूपात तशीच उघडी राहते. पुढील बहुतेक गोंधळाचे मूळ या शेवटच्या गोष्टीत आहे.

सर्व्हर चालू होताना सेवा कशा उठतात, हेही येथे पाहावे लागते. जुन्या पद्धतीत क्रमांक दिलेल्या स्क्रिप्ट एकामागून एक चालत, आणि आधीचे काम संपल्याखेरीज पुढचे हाती घेतले जात नसे. ही रीत संथ होती, पण तिच्यात क्रम निश्चित असे. २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी ही नवी व्यवस्था मांडली. २०१४ साली रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या सातव्या आवृत्तीने आणि २०१५ साली डेबियनच्या आठव्या आवृत्तीने ती स्वीकारली. सिस्टिमडी शक्य तितक्या सेवा एकाच वेळी उठवते आणि कोणी कोणासाठी थांबायचे हे प्रत्येक सेवेच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे त्या सेवेच्या सूचनापत्रात, स्पष्ट लिहावे अशी अपेक्षा ठेवते. जे लिहिलेले नाही त्याची हमी ती देत नाही.

या सूचनापत्रातील दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. ‘आफ्टर’ ही ओळ फक्त क्रम सांगते: अमुक सेवा तमुकनंतर उठवावी. ‘रिक्वायर्स’ ही ओळ गरज सांगते: तमुक सेवा नसेल तर अमुकही उठवू नये. यांपैकी एकीच्या लिहिण्यात दुसरी गृहीत धरली जात नाही. केवळ गरज लिहिली तर दोन्ही सेवा एकदमच उठवल्या जातात, आणि केवळ क्रम लिहिला तर आधीची सेवा अपयशी ठरली तरी नंतरची निर्धास्तपणे उठते. नेटवर्कच्या बाबतीतही असाच भेद आहे. ‘नेटवर्क’ हा टप्पा नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाल्याचे सांगतो, तर प्रत्यक्ष पत्ता मिळून संपर्क करता येण्याजोगी स्थिती आल्याचे ‘नेटवर्क-ऑनलाइन’ हा वेगळा टप्पा सांगतो. पहिल्या टप्प्यावर विसंबलेली सेवा कधी चालते, कधी चालत नाही, आणि असा अनियमित बिघाड शोधणाऱ्याची दमछाक करतो.

वीज परत आल्यावर काय घडते, हे आता नीट पाहता येईल. फायली साठवणारा संगणक आणि त्या वापरणारा संगणक एकाच क्षणी चालू होतात. साठवणाऱ्या संगणकात अनेक डिस्क असतात, त्यांची तपासणी होते आणि तो तयार व्हायला काही मिनिटे घेतो. वापरणारा संगणक त्यापूर्वीच उठतो आणि माउंटचा प्रयत्न सुरू करतो. सिस्टिमडीमध्ये अशा प्रयत्नाला सामान्यतः ९० सेकंदांची मुदत असते. ती संपली की माउंट अपयशी ठरते आणि त्यानंतर सिस्टिमडी स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. दरम्यान डेटाबेस, वेबसर्व्हर किंवा बॅकअपची सेवा यांच्या सूचनापत्रांत माउंटचा उल्लेखच नसल्यामुळे त्या केव्हाच उठलेल्या असतात. त्यांना डिरेक्टरी सापडते, ती रिकामी असते, आणि त्या तिच्यात लिहायला लागतात.

यापुढचा टप्पा सर्वांत घातक असतो. सेवा ज्या फायली लिहिते त्या दूरच्या साठवणीवर न जाता स्थानिक डिस्कवर पडतात. काही तासांनी कोणीतरी हाताने माउंट करतो, जुन्या फायली पुन्हा दिसू लागतात आणि प्रश्न सुटला असे सर्वांना वाटते. पण मधल्या काळात लिहिलेल्या फायली आता माउंटच्या खाली झाकल्या गेलेल्या असतात. त्या पुसल्या गेलेल्या नसतात, तरीही कोणालाच दिसत नाहीत. त्या दिवशीच्या नोंदी हरवल्याची तक्रार येते, आणि दुसरीकडे स्थानिक डिस्क भरत चालल्याचा इशारा मिळतो. डिस्कची एकूण व्याप्ती सांगणारा ‘डीएफ’ हा आदेश डिस्क भरल्याचे दाखवतो, तर डिरेक्टरीनिहाय बेरीज करणारा ‘डीयू’ हा आदेश तेवढा मजकूर कुठेच सापडत नाही असे सांगतो. डीएफ आणि डीयू यांच्या आकड्यांत मोठी तफावत आढळल्यास माउंटखाली दडलेल्या फायलींची शंका अवश्य घ्यावी. मूळ फाइल सिस्टिम ‘बाइंड माउंट’ने दुसऱ्या एखाद्या जागी जोडली, की या झाकलेल्या फायली माउंट न काढताही पाहता आणि सोडवून घेता येतात.

हे टाळण्याचे उपाय अवघड नाहीत, आणि म्हणूनच ते योजले जात नाहीत याची खंत वाटते. सेवेच्या सूचनापत्रात ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ ही एक ओळ आणि डिरेक्टरीचा मार्ग लिहिला, की क्रम आणि गरज या दोन्ही गोष्टी एकदमच नोंदल्या जातात. माउंट नसेल तर सेवा उठतच नाही. दुसरा उपाय ऑटोमाउंटचा: डिरेक्टरीला कोणी हात लावला की त्या क्षणी माउंट केले जाते, आणि ते जमले नाही तर रिकामी डिरेक्टरी हाती देण्याऐवजी त्रुटीचा संदेश मिळतो. खोटे यश दाखवणाऱ्या व्यवस्थेपेक्षा स्पष्ट अपयश दाखवणारी व्यवस्था केव्हाही अधिक विश्वासार्ह असते.

माउंट झाल्यानंतर साठवणारा सर्व्हर मध्येच बंद पडला, तर क्लायंटने किती वाट पाहायची हेही ठरवावे लागते. ‘हार्ड’ प्रकारच्या माउंटमध्ये कार्यक्रम सर्व्हर परत येईपर्यंत जागीच अडकून राहतो; त्यामुळे संगणक गोठल्यासारखा भासतो, पण माहिती सुरक्षित राहते. ‘सॉफ्ट’ प्रकारात ठरावीक काळाने चूक कळवून प्रयत्न सोडला जातो, आणि लिहिणे अर्धवट राहून फाइल बिघडण्याचा धोका उरतो. जेथे लेखन होते तेथे हार्ड माउंटच योग्य, त्यासाठी थोडा खोळंबा सोसावा लागला तरी.

काही बिघाड मात्र क्रमाचे नसून सर्व्हरवरील नोंदींचे असतात. कोणाला कोणती डिरेक्टरी द्यायची हे सर्व्हरवरील ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. तेथे क्लायंटचा पत्ता आणि कंसातील परवानगी यांच्यामध्ये एक रिकामी जागा चुकून पडली, तर अर्थ पूर्ण उलटतो: त्या क्लायंटला केवळ वाचण्याची परवानगी मिळते आणि कंसातील लिहिण्याची परवानगी पोहोचू शकणाऱ्या इतर सर्वांना दिली जाते. एनएफएसच्या पारंपरिक पद्धतीत वापरकर्त्याची ओळख नावाने न पटवता क्रमांकाने पटवली जाते, हेही लक्षात ठेवावे लागते. दोन संगणकांवर एकाच व्यक्तीचे क्रमांक वेगळे असतील तर स्वतःच्याच फायली परक्या ठरतात. शिवाय तिसऱ्या आवृत्तीला २०४९ क्रमांकाच्या पोर्टबरोबरच १११ क्रमांकाचे पोर्ट आणि इतर साहाय्यक सेवांची पोर्टेही लागतात. पोर्ट म्हणजे एखाद्या सेवेशी बोलण्याचा ठरलेला क्रमांक. फायरवॉलमध्ये २०४९ तेवढे उघडून थांबणाऱ्यांची अडचण चौथ्या आवृत्तीने दूर केली, कारण तिला तेवढे एकच पोर्ट पुरते.

विंडोज संगणकांसाठी एसएमबी हा प्रोटोकॉल वापरतात, आणि अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या साम्बा या सॉफ्टवेअरमुळे लिनक्स सर्व्हरही तो बोलू शकतो. येथील एक ठळक तक्रार आवृत्तीची असते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीतून जगभर नुकसान केले, आणि त्यानंतर विंडोज व साम्बा या दोघांनीही ती आवृत्ती आपल्या नव्या प्रकाशनांत मुळातच बंद ठेवली. त्यामुळे जुने स्कॅनर नव्या सर्व्हरवर फाइल पाठवू शकत नाहीत. अशा वेळी ती आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा मोह आवरावा. एका स्कॅनरसाठी सर्व कार्यालयाची सुरक्षितता पणाला लावणे समर्थनीय नाही.

तपासाच्या वेळी सर्वांत मोठे नुकसान घाईच्या रीस्टार्टने होते. सेवा हाताने पुन्हा सुरू केली की ती चालते, कारण तोवर नेटवर्क आणि माउंट दोन्ही तयार झालेले असतात. दोष तसाच राहतो आणि पुढच्या वीजखंडात परत येतो. त्यातच लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, डिस्कवर कायम ठेवण्याची व्यवस्था केलेली नसेल तर संपूर्ण सर्व्हर रीस्टार्ट होताच पुरावाही नाहीसा होतो. म्हणून आधी अपयशी सेवांची यादी घ्यावी, संबंधित सेवेचा लॉग वेळेसह वाचावा, माउंटची वेळ आणि सेवेची वेळ शेजारी ठेवून पाहावी, आणि मगच हात लावावा. ज्या संस्थांचा कारभार अशा सर्व्हरवर चालतो त्यांनी कोणताही बदल स्वीकारण्यापूर्वी एखाद्या सुटीच्या दिवशी, बॅकअप हाताशी ठेवून, दोन्ही संगणक रीतसर बंद करावेत, ते एकाच वेळी चालू करावेत, आणि कोणीही कळफलकाला हात न लावता सर्व फोल्डर आपापल्या जागी येतात की नाही हे स्वतः पाहावे.