सावलीत उजळणारं पान

फाल्गुन सरत आला की घाटात कुसुंब लाल होतो. लांबून पाहणाऱ्याला तो फुलोरा वाटतो, पण ती असते पालवी. आंब्याची तांबूस पालवी, नागकेसराची लालबुंद, पिंपळाची गुलाबी झाक असलेली, ही सगळी आपल्या नजरेत बसलेली आहे. पण माडाच्या कुळातली काही झाडंही अशी लाल पालवी काढतात, असं सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे. नारळ, पोफळ, ताड, शिंदी, भेरली माड या आपल्या रोजच्या झाडांचं नवं पान फिकट हिरवंच निघतं. लाल पानाचे पाम दूरदेशीचे आहेत, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या मागे आहे.

या वेडाचं मूळ एका झाडात आहे. शास्त्रीय नाव शांबेरोनिया मॅक्रोकार्पा, रोपवाटिकांमधलं नाव फ्लेमथ्रोअर पाम. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया हा फ्रेंच अमलाखालचा द्वीपसमूह आहे. त्याचं मुख्य बेट लांबीला सुमारे ४०० किलोमीटर आणि रुंदीला जेमतेम ५०. एवढ्याशा भूमीवर पामांच्या चाळीसच्या आसपास जाती आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही रानात उगवत नाहीत. शांबेरों हा फ्रेंच आरमारातला अधिकारी. या बेटांच्या किनाऱ्यांचे नकाशे त्याने तयार केले आणि व्हिएयार नावाच्या आरमारी डॉक्टरला वनस्पती गोळा करायला मदतही केली. व्हिएयारने १८७३ साली या झाडाच्या प्रजातीला आपल्या मित्राचं नाव दिलं. समुद्राची खोली मोजणाऱ्या माणसाचं नाव डोंगरातल्या ओल्या जंगलात वाढणाऱ्या झाडाला मिळावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता पानाबद्दल सविस्तर सांगते, कारण लेख लिहायला बसले ती त्याच्यासाठीच. पामाच्या एका खोडाला वाढीचा कोंब एकच असतो आणि नवं पान त्यातून मिटलेल्या सुईसारखं सरळ वर येतं. शांबेरोनियाची ही सुई बरेच दिवस नुसती उभी असते. उघडते तेव्हा भराभर उघडते, आणि रुंद, किंचित झुकलेल्या दलांचं अख्खं पान लाल रंगात बाहेर येतं. दलं तेव्हा इतकी मऊ असतात की बोट लावायला भीती वाटते. मग रंग उतरू लागतो. लालाचा तांबूस होतो, तांबूसाचा जांभळट तपकिरी, मग पोपटी, आणि दहा ते पंधरा दिवसांत पान बाकीच्या पानांसारखं गडद, चकचकीत हिरवं होऊन जातं. मोठ्या झाडाला वर्षाकाठी अशी मोजकीच पानं येतात. कुसुंबासारखा याचा ठरलेला महिना नाही. ऐन श्रावणात येईल, कधी मार्गशीर्षात. सुई दिसली की रोज सकाळी जाऊन पाहावं लागतं.

सगळ्या रोपांची पानं सारखी लाल नसतात, हेही जाणून घ्यायला हवं. एकाच झाडाच्या बियांपासून उगवलेल्या रोपांत एखाद्याचं पान रक्तासारखं लाल येतं, एखाद्याचं विटकरी, आणि एखादं कायम हिरवंच राहतं. अगदी लहान रोपात तर रंग दिसेलच असं नाही; काही पानं हिरवी येऊन गेल्यावर पुढे कधीतरी लाल येतं. याची आणखी दोन रूपं शौकिनांना भुरळ घालतात. पोफळीच्या शेंड्याखाली देठांच्या आवरणांची जी गुळगुळीत नळी असते, तशीच यालाही असते. एका प्रकारात ती पिवळी असते आणि दुसऱ्यात हिरव्यावर फिकट रेघा. रेघांच्या प्रकाराला लोक ‘वॉटरमेलन’ म्हणतात. मला विचाराल तर रेघांच्या झाडावर लाल पान म्हणजे दागिन्यावर दागिना. माझी पसंती साध्या हिरव्या नळीच्या झाडाला.

हे झाड मी पहिल्यांदा पाहिलं ते ब्रिस्बेनला, भाचीच्या घरी. तिकडच्या घरगुती बागांमध्ये ते बऱ्यापैकी दिसतं. तिने ते घराच्या दक्षिणेला, भिंतीच्या आडोशाला लावलं होतं. मी विचारलं, “अगं, एवढं सुंदर झाड मागे का दडवलंस?” ती म्हणाली, “मावशी, इकडे सूर्य उत्तरेकडून येतो. सावली हवी तर दक्षिणच.” दक्षिण गोलार्धातली ही साधी गोष्ट मला त्या झाडाने शिकवली, आणि याला सावलीच लागते हेही तेव्हाच कळलं.

सावलीचा आणि लाल रंगाचा संबंध फार खोल आहे. पान लाल दिसतं ते अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे. पण खरा प्रश्न वेगळा आहे: हरितद्रव्य उशिरा का येतं? पनामामधल्या बारो कोलोरॅडो बेटावर टॉमस कुर्सार आणि फिलिस कोली या संशोधक जोडीने अशा पानांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९९२ साली त्यांनी मांडलेला विचार मला फार पटतो. कोवळं पान किड्यांच्या तावडीत सर्वांत सहज सापडतं, कारण त्याला कठीणपणा आलेला नसतो. मग त्याच वेळी त्यात नत्र आणि हरितद्रव्याची सगळी पुंजी कशाला ओतायची? आधी पान पूर्ण वाढू द्यावं, निबर होऊ द्यावं, आणि मग त्यात हिरवा ऐवज भरावा. मधल्या काळात अन्न तयार होत नाही, हा तोटाच. पण दाट जंगलाच्या तळाशी मुळात उजेड इतका कमी असतो की तो तोटा फारसा जाणवत नाही. म्हणून ही उशिरा हिरवं होण्याची रीत सावलीत वाढणाऱ्या झाडांत जास्त दिसते. वर्षाला मोजकीच पानं काढणाऱ्या पामाला तर एकेक पान जपावंच लागत असणार.

अँथोसायनिन कोवळ्या पानाचं तीव्र उजेडापासून रक्षण करतं, असाही एक विचार आहे. शिवाय पानं खाणाऱ्या पुष्कळ किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही, असंही सांगतात. वानरांचं मात्र उलट आहे. डॉमिनी आणि लुकास यांनी युगांडातल्या किबाले जंगलात माकडांचा आहार अभ्यासला आणि २००१ साली दाखवून दिलं की लाल आणि हिरवा वेगळे ओळखणारी नजर कोवळी, प्रथिनांनी भरलेली पानं शोधायला नेमकी उपयोगी पडते. आपली वानरंही त्याच नजरेची. कोकणातल्या बागायतदाराला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही म्हणा! गुहागरच्या एका काकांच्या वाडीत शांबेरोनियाची रोपं आहेत. सुई उघडायच्या बेतात आली की ते रापणीचं जुनं जाळं त्यावर टाकतात आणि पान निबर होईपर्यंत काढत नाहीत. काकूंनी पहिलं लाल पान पाहिलं तेव्हा त्या कोयता घेऊनच निघाल्या होत्या. “अहो, याला रोग पडलाय, बाकीच्यांना लागेल!” काकांनी त्यांना अडवलं. आता पाहुण्यांना हाताला धरून वाडीत नेतात त्या काकूच.

पामांची सर्वसाधारण माहिती थोडक्यात देते. या कुळात अडीच हजारांहून अधिक जाती आहेत, बहुतेक उष्ण कटिबंधातल्या. जगभरातल्या शौकिनांची इंटरनॅशनल पाम सोसायटी १९५६ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात सुरू झाली आणि तिचं नियतकालिक अजून निघतं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातलं पामगृह आणि सिंगापूरचं वनस्पती उद्यान, ही दोन ठिकाणं संधी मिळाली तर चुकवू नयेत.

गुहागरच्या वाडीकडे परत येते, कारण माझं म्हणणं तिथेच सिद्ध झालं. आपल्याकडे हौसेने आणलेला महागडा पाम बंगल्याच्या फाटकाशी, रखरखीत उन्हात, फरशीच्या चौकोनात लावण्याची पद्धत आहे. शांबेरोनियाला ती जागा मानवत नाही. त्याची जागा पोफळीच्या बागेत आहे. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, गुहागर इथल्या वाड्या किंवा फोंड्याकडची कुळागरं डोळ्यांपुढे आणा. वर पोफळींचं छत, खाली गाळून आलेला उजेड, पाटाचं पाणी, जायफळ, मिरी आणि केळींमुळे टिकून राहणारी हवेतली ओल. आपल्या पूर्वजांनी सुपारीसाठी जे रान उभं केलं, त्यात न्यू कॅलेडोनियाच्या जंगलाचे पुष्कळसे गुण आपसूक आले आहेत. कोकणातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक जुन्या वाडीत दोन पोफळींच्या मध्ये लाल पानाचं एकेक झाड उभं असावं, असं मला मनापासून वाटतं.

काकांची पद्धत अशी. खड्डा ऐसपैस घ्यायचा आणि त्यातले जांभ्याचे मोठे चिरे काढून टाकायचे. मातीत कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळायचा. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंचावर बसवायचं. आळ्यात नारळाची सोडणं उपडी पसरायची, म्हणजे वैशाखातही खालची माती थंड राहते. खत थोडं थोडं आणि वरचेवर. मुळं दुखावलेली याला खपत नाहीत, म्हणून पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही आणि एकदा लावलेलं झाड हलवायचं नाही. वाढ फार सावकाश होते. पहिली काही वर्षं तर झाड जागच्या जागी आहे असंच वाटतं. या काळात वरून सावली आणि खाली ओल एवढं सांभाळलं की पुरे. पुढे झाड उंच झालं, शेंडा छतातून वर निघाला की ते ऊनही सोसतं.

शत्रू आपल्या माडांचेच. गेंड्या भुंगा कोंब पोखरतो आणि सोंड्या भुंगा खोडात शिरतो. शांबेरोनियाचा एकुलता कोंब गेला की झाड गेलं, त्याला दुसरी फूट येत नाही. म्हणून शेणखताचा ढीग झाडापासून लांब ठेवावा, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या त्यातच वाढतात. साळींदराचा वावर असेल तर कोवळ्या रोपाभोवती पत्रा किंवा मजबूत जाळी हवीच.

लाल रंगाच्या पामांत आणखी एकाचं नाव हमखास निघतं: लिपस्टिक पाम, सिर्टोस्टॅकिस रेंडा. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाने तो आपल्या बोधचिन्हात घेतला आहे. त्याची बेटं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही पुढे जाईना. पण त्याचं लाल वेगळं. तिथे देठ आणि नळी कायम लाल असतात, पान हिरवं. मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतलं हे झाड. त्याला थंडी नको आणि तहान तर मुळीच नको. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली तरच ते खुश राहतं. मला विचाराल तर जे लाल रोज दिसतं त्याची वाट पाहायला लागत नाही, आणि म्हणूनच माझा जीव शांबेरोनियावर जास्त.

व्हरांड्यातल्या कुंडीसाठी न्यू गिनीच्या जंगलतळाचे कॅलिप्ट्रोकॅलिक्स बघावेत. त्यांतल्या हॉलरुंगी आणि फोर्बेसी या जाती आटोपशीर असतात आणि त्यांची नवी पानं लालसर निघतात. क्वीन्सलंडच्या अॅथर्टन पठारावरचा लॅकोस्पॅडिक्स थंड, ढगाळ हवेतला आहे. आंबोलीत घर असणाऱ्या कोणीतरी तो लावून पाहावा, ही माझी जुनी इच्छा आहे. कोस्टा रिका, पनामाकडच्या वेल्फियाचं नवं पान तर भलं थोरलं आणि गर्द लाल असतं. आणि सेशेल्स बेटांवरच्या एका पामाची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या कोवळ्या रोपाची पानं नारिंगी झाक मारतात. लंडनच्या क्यू उद्यानातून त्याचं एक रोप चोरीला गेलं, आणि पुढे ते बर्लिनमध्ये, रेल्वे इंजिनांचा कारखानदार बोर्सिग याच्या संग्रहात निघालं असं सांगतात. शास्त्रज्ञांनी झाडाला फिनिकोफोरियम बोर्सिगियानम असं नाव देऊन चोरी आणि बोर्सिग दोन्ही नोंदवून ठेवले.

देशावरच्या वाचकांनी नाराज होऊ नये. पुण्यात, संभाजीनगरात, कोरड्या हवेत आणि बोअरच्या जड पाण्यावर शांबेरोनियाच्या पानांची टोकं करपतात. त्याच्या मागे लागू नये. तिथे लाल लटानिया लावावा. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाचा हा पंख्याच्या पानाचा पाम ऊन खातो आणि निचरा चांगला असेल तर फार मागत नाही. लहानपणी त्याचे देठ, शिरा आणि पानांच्या कडा सुरेख लाल असतात आणि हा रंग पानागणिक काही वर्षं टिकतो. मोठेपणी झाड करडं-हिरवं होतं. मूळ बेटावर रानात तो आता फार थोडा उरला आहे, त्यामुळे बागांमधल्या झाडांना वेगळं मोल आहे. नर आणि मादी झाडं निराळी असल्याने बी हवं असेल तर एकापेक्षा अधिक लावावी लागतात.

रोप घेताना नवं पान उघडलेलं असेल तेव्हाच जाऊन, डोळ्यांनी लाल पाहूनच निवडावं. रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवरच्या चित्रावर जाऊ नये. बी मिळालं तर आणखी चांगलं, पण ताजं हवं. वाळलेलं बी उगवत नाही. शांबेरोनियाची फळं पिकली की लाल होतात. गर पूर्ण धुवून काढावा, बी वाळू आणि कोकोपिटात अर्धं पुरावं आणि पिशवी सावलीत, ओलसर ठेवावी. कोंब यायला काही महिने लागतात, तेव्हा उकरून बघू नये. आणि रोपं हाती आली की लगेच वाटू नयेत. लाल कोण आणि हिरवं कोण हे कळेपर्यंत ती सांभाळावीत, आणि लाल निघालेली आधी पोफळीच्या वाडीवाल्यांना द्यावीत.