रिठ्याचा फेस आणि प्रवरेचे पाणी

वाटीभर पाण्यावर टीपकागदाचा तुकडा ठेवा व त्यावर एक सुई ठेवा. कागद भिजून बुडेल, सुई मात्र तरंगत राहील. असे का? पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, म्हणून पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. हाच पृष्ठताण.

आता भिजवलेल्या रिठ्याचे पाणी थेंबाथेंबाने कडेने सोडा. सुई बुडेल! रिठ्यातील सॅपोनिनमुळे पृष्ठताण घटतो. असे पाणी कापडाच्या धाग्यांत सहज शिरते व तेलकट मळ सोडवते. चुलीतील राखेचे काम वेगळे. तिचे बारीक कण भांडे घासतात आणि तिच्यातील पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार तेलकटपणा काढतो.

मग रिठा वापरून थेट नदीत धुणे धुवावे काय? भंडारदऱ्याचे उदाहरण घ्या. येथे प्रवरेवरील धरण 1926 साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयासारख्या साठलेल्या पाण्यात धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट उतरले, तर शेवाळ माजू शकते. रिठ्याने ते टळते. पण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना इजा करते! म्हणून धुणे काठापासून दूर धुवावे व पाणी मातीत मुरू द्यावे. तेथील जीवाणू सॅपोनिनचे विघटन करतात.

वस्तू नैसर्गिक आहे एवढ्यावर थांबू नका. तिचे पाणी पुढे कोठे जाते, हेही पाहा.