कवितेला गुण देताना

पर्युषण पर्वाच्या निमित्ताने आमच्या मंडळाने यंदाही स्वरचित काव्यस्पर्धा घेतली आणि तीन परीक्षकांत माझे नाव घातले. उभे आयुष्य बँकेत काढलेल्या वाणिज्य शाखेच्या माणसाचा कवितेशी काय संबंध, असे कुणी विचारले तर ते गैर नाही. मंडळाचा विचार मात्र सरळ होता : हा गृहस्थ पक्षपात करणार नाही आणि याची बेरीज चुकणार नाही.

बेरीज चुकली नाही. परंतु बेरीज बरोबर असूनही निकाल चुकू शकतो, हे या स्पर्धेने मला शिकवले. स्पर्धा दरवर्षी भरतात, आणि उद्या वाचकांपैकी कुणावरही परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याची वेळ येऊ शकते. म्हणून हा अनुभव येथे मांडत आहे.

माझी पद्धत अशी होती. आशय, छंद, यमक आणि शुद्धलेखन असे चार रकाने, प्रत्येकास पंचवीस गुण. कवींची नावे झाकलेली. एका स्तुतिकाव्याला मी मनापासून भरघोस गुण दिले. ते वसंततिलका वृत्तात होते. आपण नित्य म्हणतो त्या भक्तामर स्तोत्राचे हेच वृत्त. त्याच्या प्रत्येक चरणात चौदा अक्षरे असून त, भ, ज, ज हे गण आणि शेवटी दोन गुरू येतात. श्वेतांबर परंपरेत चव्वेचाळीस, तर दिगंबर परंपरेत अठ्ठेचाळीस श्लोक. पण चाल आरंभापासून अखेरपर्यंत एकच. आजच्या काळात कुणी हौसेने हे बंधन पाळून लिहितो, ही लहान गोष्ट नव्हे. मी अक्षरे बोटांवर मोजली. एकही कमी-जास्त नव्हते.

त्यानंतरची कविता वेगळी होती. ना वृत्त, ना यमक. ओळी लहान-मोठ्या, काही शब्द बोलीतले. विषय होता सासऱ्यांच्या पश्चात उघडलेली दुकानातील उधारीची वही. दुष्काळाच्या साली काही नावांपुढच्या रकमांवर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारलेली होती. घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मुलगा विचारतो, ही येणी आता वसूल होतील का? सून उत्तर देत नाही, वही मिटते. कविता तेथेच संपते. मी यमकाच्या रकान्यात शून्य लिहिले, शुद्धलेखनाचे गुण कापले आणि पुढच्या कागदाकडे वळलो.

निकालाच्या बैठकीत आमच्या सहपरीक्षक बाई, ज्या निवृत्त मराठी शिक्षिका आहेत, म्हणाल्या, “भाऊ, तुमचे रकाने जरा बाजूला ठेवा. मी वाचते, तुम्ही नुसते ऐका.” त्यांनी तीच कविता सावकाश वाचली. ऐकता ऐकता मला माझ्या नोकरीतील निर्लेखित कर्जांच्या याद्या आठवल्या. अशा किती रकमांवर मी सही केली असेल! पण त्या रेघेखाली एक माणूस असतो, हे कुठल्याही परिपत्रकाने मला सांगितले नव्हते. खोलीत काही क्षण कुणीच बोलले नाही. हे मौन माझ्या एकाही रकान्यात बसणारे नव्हते.

बँकेत खाडाखोड केली की तिच्याजवळ सही करावी लागते. मी आशयाचे गुण बदलले आणि बदललेल्या आकड्याशेजारी सही केली. पहिला क्रमांक त्या वसंततिलकेलाच मिळाला, आणि तो योग्यच होता. वहीची कविता दुसरी आली. माझ्या पहिल्या हिशेबात तिला उत्तेजनार्थ पारितोषिकही नव्हते.

व्यापार आणि कविता यांचे वाकडे आहे, असे आपल्याकडे उगीच मानले जाते. आग्र्याचे जैन व्यापारी बनारसीदास यांनी 1641 मध्ये ‘अर्धकथानक’ लिहिले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून पंचावन्नाव्या वर्षी सांगितलेली ती अर्धी कहाणी. तीत व्यापारातील खोट आहे, अपत्यांच्या मृत्यूचे दुःख आहे, स्वतःचे दोषही मोजून लिहिलेले आहेत. तरुणपणी रचलेले शृंगारकाव्य आपण गोमतीत बुडवले, हेसुद्धा त्यांनी लपवले नाही. नफ्याइतकाच तोटाही प्रामाणिकपणे नोंदवणे हा व्यापाऱ्याचा गुण त्यांच्या कवितेत उतरला.

आणि शुद्धलेखनाचे म्हणाल, तर जळगावच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये, ती पुस्तकरूपाने आली. माझ्या चार रकान्यांत त्यांना किती गुण मिळाले असते, या विचाराने मी खजील होतो.

याचा अर्थ छंद-व्याकरण सोडून द्यावे असा नाही. ज्याने वृत्त निवडले, त्याच्याकडून ते नेमके मागावे. ज्याने निवडले नाही, त्याला त्या मापाने मोजू नये. वस्तू एक असली तरी पाहण्याच्या बाजू अनेक, हे आपल्याला अनेकान्ताने शिकवलेलेच आहे. यापुढे मी प्रत्येक कविता दोनदा वाचणार आहे, त्यांतून एकदा मोठ्याने. या माणसावाचून दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती अशी एक तरी ओळ तीत आहे का, ते शोधणार आहे. आई, पाऊस, माणुसकी असे मोठे शब्द पुष्कळांच्या कवितांत असतात. सासऱ्यांच्या हातची आडवी रेघ एखादीतच असते. आणि कागद परत करताना आधी काय आवडले ते लिहीन, मग सुधारणा सुचवीन.

हे शेवटचे मी फार उशिरा शिकलो. काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत एका शाळकरी मुलीच्या कागदावर मी तांबड्या पेन्सिलीने ‘यमक जुळत नाही, व्याकरण सुधारावे’ एवढेच लिहिले होते. पुढे तिचे आजोबा सहज म्हणाले, “त्यानंतर नात काही लिहीत नाही.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले.

संवत्सरीला आपण सर्वांची क्षमा मागतो, आणि ज्याचे खरोखर देणे आहे तो नेमका राहून जातो. बेटा, तुझ्या घरी हे मासिक येते, हे मला ठाऊक आहे. मिच्छामि दुक्कडम्. पुढच्या वर्षी तुझी कविता यावी, यमक जुळो वा न जुळो.