घरातला वारा : आलेल्या वाऱ्याने जायचं कुठून?

एसीच्या कॉइलवर बर्फ का धरतो, हे या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. अकोल्याच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. शिवाय नवतपा तोंडावर आला असताना कूलरचं उत्तर लांबवणं बरं नव्हे.

पत्रातली हकीकत अशी. नवं घर बांधलं, जुन्यापेक्षा मोठा कूलर घेतला, वाळ्याच्या ताट्या बसवल्या. पंखा जोरात फिरतो, पाणी व्यवस्थित पडतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं खोली छान गार होते. मग अंग चिकचिकायला लागतं, चादर ओलसर लागते आणि कूलरच्या तोंडासमोरून हातभर बाजूला सरकलं की वारा नाहीच. कूलरवाला दोनदा येऊन गेला, पंप बदलून झाला, फरक शून्य. 'जुन्या घरात याच्या निम्म्या कूलरवर आम्ही सगळे झोपायचो,' असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे.

पत्राच्या मधोमध मात्र एक वाक्य सहज येऊन गेलं आहे. धूळ नको म्हणून सगळीकडे स्लायडिंगच्या काचा लावल्या आहेत आणि कूलर चालू असताना गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतो. दुखणं तिथे आहे. कूलर, मोटर, पंप, ताट्या यांचा काही दोष नाही.

दारं लावून घ्यायची सवय एसीने लावली. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, तिच्यातली उष्णता आणि पाणी काढून बाहेर टाकतो. तिथे दार उघडं राहिलं तर नुकसानच. कूलरचं काम याच्या उलट चालतं. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून ओढतो. ताटीतल्या पाण्याची वाफ होते आणि एका लिटरची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता हवेतून निघून जाते. दुपारी बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या भिजलेल्या ताटीतून आलेली हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. म्हणून तर विदर्भात कूलर इतका लाडका. पण त्याच हवेची आर्द्रता आता ६५ टक्क्यांच्या आसपास गेलेली असते. तिचा उपयोग एकदाच. तिने तुमच्या अंगावरून जावं, भिंतींची, पलंगाची, माणसांची उष्णता घ्यावी आणि घराबाहेर पडावं. ती रेंगाळली की तिचा जाच सुरू झाला.

किती जाच, ते आकड्यांत बघा. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. तीस अंशांच्या आसपास एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. म्हणजे तुमच्या अख्ख्या खोलीत सगळं मिळून जेमतेम एक लिटर पाणी वाफ होऊन राहू शकतं. आणि ताशी १,५०० घनमीटर वारा देणारा कूलर अशा दुपारी तासाला दहा-अकरा लिटर पाणी हवेत सोडतो! हे पाणी बंद खोलीत मावणार कुठे? हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी थक्क झालो होतो. आजही कोणी 'कूलर लावला की दमट होतं' म्हणालं की कागद-पेन्सिल घेऊन मी त्यांना तोच मांडून दाखवतो. हाच कूलर मोकळा चालू द्या, खोलीतली सगळी हवा दीड मिनिटाच्या आत बदलते आणि दमटपणाला थारा मिळत नाही.

दुसरं नुकसान वाऱ्याचं. कूलरचा पात्यांचा पंखा भरपूर हवा हलवतो, पण समोरून अडवणूक झाली की तो हतबल होतो. रिकाम्या बाटलीत फुंकर मारली तर ती उलटून तोंडावर येते. बंद खोलीत कूलरचं तेच होतं. खोलीत किंचित दाब तयार होतो आणि हवा कूलरच्या चौकटीभोवतीच्या फटीतून परत बाहेर जाते. पाती तशीच फिरतात, आवाज तसाच येतो, वारा मात्र पडतो. म्हणून कूलरवाल्याला काही बिघाड सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून तो पंप बदलून देतो.

ओळखायचं कसं? एक अगरबत्ती लावा. कूलर पूर्ण वेगात ठेवून ती कूलरच्या चौकटीजवळच्या फटीपाशी धरा. धूर त्या फटीतून बाहेर ओढला जात असेल तर वारा माघारी चालला आहे. मग कूलरसमोर उभं राहा आणि घरातल्या कोणाला तरी पलीकडचं दार उघडायला सांगा. दार उघडताच अंगावरचा वारा एकदम वाढला, तर आणखी पुरावा नको.

आता जुन्या घराचं कोडं. कवेलूचं छप्पर, भिंतीत वर गवाक्ष, लाकडी खिडक्यांची तावदानं कधी नीट न मिटणारी. कूलरचा विचार करून ते घर कोणी बांधलं नव्हतं, पण आलेल्या वाऱ्याला वरून, फटींतून शंभर वाटा होत्या. नव्या स्लॅबच्या घरात त्या सगळ्या बुजल्या. छताजवळचा झरोका नकाशातून गेला, हे मला फार खटकतं. नागपूर-अकोल्यात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो : फरशी थोडी स्वस्तातली घ्या, पण प्रत्येक खोलीत कूलरच्या समोरच्या भिंतीवर वर उघडझाप होणारा झरोका ठेवून घ्या. अमेरिकेत ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात अशा कूलरच्या घरांना छतात झडपा बसवतात. आतल्या दाबाने त्या आपोआप उचलल्या जातात आणि वापरलेली हवा माळ्यातून निघून जाते. आपला झरोका तेच काम बिनखर्चात करत होता.

वाट किती मोठी हवी? ताशी १,५०० घनमीटरच्या कूलरला दीड ते दोन चौरस फूट पुरते. सात फुटी दार तीन इंच किलकिलं ठेवलं की पावणेदोन चौरस फूट झाले. दाराला अडकण लावा, नाहीतर ते आपटत राहील. खिडकीला डासांची जाळी असेल तर त्याहून जास्त उघडा, कारण जाळी वारा अडवते आणि धुळीने भरलेली जाळी तर फारच. वाट कूलरच्या समोरच्या बाजूला हवी, म्हणजे वारा पलंगावरून जाईल. शेजारची खिडकी उघडलीत तर वारा जवळच्या जवळ निघून जाईल आणि तुम्ही घामात. ज्या बाजूने लू मारते तिकडची खिडकीही नको. कागदाची पट्टी चिकटवून पाहा. ती बाहेरच्या बाजूला फडफडली पाहिजे. आत येत असेल तर ती वाट बंद करून दुसरी उघडा.

यातली गंमत पुढे आहे. वारा वाटेमागे जातो, म्हणून वाट बदलून तुम्ही त्याला हवा तिकडे नेऊ शकता. बैठकीत कूलर, बैठकीच्या खिडक्या बंद आणि आतल्या खोलीची एक खिडकी उघडी : गारवा दोन्ही खोल्यांत. दुपारी स्वयंपाकघराची खिडकी उघडली तर पोळ्या करणाऱ्या बाईलाही जरा वारा लागतो. घरातल्या सगळ्यात तापलेल्या जागी उभ्या असलेल्या माणसाचा विचार कूलर बसवताना कोणी करत नाही. फक्त शेगडीची ज्योत हलू नये इतपत ती खिडकी बेताने उघडा.

कूलर ज्या बाजूने हवा घेतो ती बाजूही मोकळी लागते. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत कूलर ठेवला तर तो घरातलीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तिथे समोरची खिडकी उघडूनही उपयोग नाही, आधी बाल्कनीची काच सरकवा.

अकोलेकरांना आणखी एक सांगायचं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा त्यांच्या दारात आहे. लिटरमागे एक ग्रॅम क्षार असलेलं पाणी धरलं आणि दिवसाला ८० लिटर उडालं, तर ८० ग्रॅम क्षार मागे राहतो, महिन्याला जवळपास अडीच किलो. तो ताटीच्या काड्यांवर पांढरा थर होऊन बसतो आणि वाऱ्याच्या वाटा बुजवतो. ताटी उन्हाकडे धरा; पलीकडचा उजेड दिसत नसेल तर वाराही येणार नाही. टाकीतलं उरलेलं पाणी रोज काढून टाका, फरशी पुसायला वापरा. त्याच पाण्यात नवं पाणी ओतत गेलं की खारटपणा दिवसागणिक वाढतो. मात्र ताटीला, टाकीला हात लावण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात आणि त्या वाचवत नाहीत.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हे गणित मोडतं. हवाच ओली असते, ताटीतून फारशी वाफ होत नाही. तेव्हा पंप बंद ठेवा, पंखा चालू द्या, आणि समोरची खिडकी पूर्ण उघडा.