वाघ खलनायक नसेल, तर नायकांनी लढायचे कोणाशी?

मराठी मुलांच्या कल्पनेतले जंगल बहुतेक वेळा दुरूनच आले. मुंबईहून १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने वेताळ घराघरांत नेला. त्याचे डेंकालीचे अरण्य काल्पनिक होते आणि त्या अरण्यावर पिढ्यानपिढ्या सत्ता चालवणारा नायक गोरा होता. पुढे १९९० च्या दशकात दूरदर्शनवर मोगली आला. ती बावन्न भागांची मालिका जपानमध्ये तयार झाली होती आणि तिच्या मुळाशी रुडयार्ड किपलिंगच्या कथा होत्या. किपलिंगने कथेसाठी निवडलेले सिवनीचे जंगल मात्र नागपूरपासून अवघ्या काही तासांच्या अंतरावर आहे. विदर्भाच्या शेजारचे हे रान असे जगाला फेरी मारून विदर्भातल्या मुलांपर्यंत पोहोचले आणि येताना शेरखान नावाचा खलनायक सोबत घेऊन आले.

आज महानायकांच्या चमूंवरील कॉमिक्समधून अ‍ॅनिमेशन मालिका बेतण्याची जगभर चढाओढ आहे. अशी एखादी नवी मालिका चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत घडवायची ठरली, तर ती कशी असेल? नायक कोण असतील, ते कोणत्या भाषेत बोलतील, ही कोडी फार अवघड नाहीत. खरी अडचण खलनायकाची आहे.

चमूच्या कथेचे गणित

एकट्या नायकाची कथा आणि चमूची कथा यांत मूलभूत फरक असतो. एकटा नायक संकटाशी लढतो. चमू संकटाशी लढतोच, पण त्याआधी आपसांत भांडतो. अमेरिकेत १९६० साली ‘जस्टिस लीग’ आणि १९६३ साली ‘एक्स-मेन’ व ‘अ‍ॅव्हेंजर्स’ अवतरले, तेव्हापासून हे सूत्र कायम आहे. प्रत्येकाला एक शक्ती असते आणि प्रत्येकात एक उणीव असते. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची, हा कथेचा गाभा.

इंद्रजालच्या वाचकांना ओळखीचे वाटणारे उदाहरण १९८६ सालचे आहे. ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ या पासष्ट भागांच्या अ‍ॅनिमेशन मालिकेत वेताळ, जादूगार मँड्रेक, त्याचा साथीदार लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांना एकत्र आणून त्यांचा एक चमू करण्यात आला. देशी मातीतला प्रयत्न त्याच्याही आधीचा आहे. आबिद सुरती यांनी १९७६ साली निर्माण केलेला ‘बहादूर’ डाकूंशी लढताना गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करतो. ही कल्पना त्या काळच्या कॉमिक्समध्ये वेगळी होती, कारण येथे सामान्य माणसांची एकजूट हीच शक्ती ठरली.

पाच तालुके, पाच भाषा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या चमूसाठी कल्पना फार ताणावी लागत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा दोन तृतीयांशांहून अधिक वनाच्छादित आहे आणि भाषांच्या बाबतीतही तितकाच दाट आहे. भामरागडकडे माडिया बोलली जाते, सिरोंच्यात तेलुगू कानी पडते, कोरची परिसरात छत्तीसगढी, तर मुलचेरा-चामोर्शी भागात पुनर्वसित बंगाली कुटुंबांची बांगला. वैनगंगेच्या काठाने चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीबोली नांदते.

समजा, चमूत पाच मुले आहेत. भामरागडची माडिया मुलगी वानर आणि चितळांचे इशाऱ्याचे आवाज कोसभर अंतरावरून ऐकते आणि त्यांचा अर्थ लावते. पण वर्गात मराठी बोलायची वेळ आली की तिची वाचा बसते. सिरोंच्याच्या मुलाला प्राणहिता आणि गोदावरीचा पूर येण्याआधी अंगात जाणवतो. मात्र नदीपासून दूर, दाट रानात तो घाबरतो. कोरचीचा मुलगा कोणत्याही झाडाला हात लावून त्या वाटेने कोण गेले ते सांगतो, पण त्याला धीर नाही. मुलचेऱ्याची मुलगी जे चित्र काढते ते क्षणभर खरे होते. आपण इथले की बाहेरचे, या प्रश्नाने मात्र ती आतून खचलेली असते. चंद्रपूरच्या कोळसा खाणीतील कामगाराच्या मुलाला जमिनीच्या पोटातले दिसते. आपल्याला सगळेच कळते, असे समजणे ही त्याची उणीव.

या शक्तींमागे एक तत्त्व आहे. पावलांचे ठसे वाचणे, पाण्याचा रंग पाहून पुराचा अंदाज घेणे, वानरांच्या ओरडण्यावरून वाघाचा माग काढणे ही येथील माणसांची नित्याची विद्या आहे. महानायकाची शक्ती म्हणजे तिचीच अतिशयोक्ती. वीज फेकणारा हात उसना आणावा लागत नाही. इतिहासातही आधार सापडतो. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपुरात फाशी देण्यात आली. त्यांच्या अंगी अलौकिक बळ असल्याच्या दंतकथा या भागात आजही सांगितल्या जातात.

शेरखान येथे का चालत नाही

आता खलनायक. पटकथा लिहिणाऱ्याच्या हाताशी सर्वांत आधी येतो तो वाघ. चंद्रपूरच्या मुलांसाठी वाघ ही पडद्यावरची गोष्ट नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात ‘सीटी-१’ हा वाघ जेरबंद झाला; त्याआधी त्याच्या हल्ल्यांत तेरा जणांचे प्राण गेले होते. ज्या घरातली आई पहाटे रानात जाते, त्या घरातल्या मुलाला वाघ राक्षस आहे असे सांगणे सोपे आहे. पण त्या सांगण्याने आई सुरक्षित होत नाही, आणि वाघही वाचत नाही.

येथील लोकपरंपरेने या पेचाचे उत्तर फार पूर्वी वेगळ्या रीतीने दिले आहे. ताडोबा हे नावच तारू या गोंड गावप्रमुखाचे आहे. वाघाशी झुंजताना तो मारला गेला, अशी आख्यायिका आहे. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तेथे यात्रा भरण्याची परंपरा आहे. वाघाने मारलेल्या माणसाचा येथे देव झाला, परंतु वाघाचा दानव झाला नाही. उलट वाघोबाचीही पूजा होते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली व्याघ्रप्रकल्प होण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस आणि वाघ यांच्यातला हा अवघड करार चालत आला आहे.

मग खाण, कारखाना किंवा एखादा लोभी ठेकेदार खलनायक करावा काय? चंद्रपूरचा कोळसा, तेथील महाऔष्णिक वीज केंद्र, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज यांवर वादही आहेत आणि पोटेही चालतात. चमूतल्या खाण कामगाराच्या मुलाची फी त्याच पगारातून जाते. नक्षलवादाच्या काळात ज्या घरांनी माणसे गमावली, त्यांच्या दुःखावर रंगीत मुखवटा चढवणेही बरे नव्हे.

वाट ‘एक्स-मेन’ने दाखवली आहे. १९९२ साली सुरू झालेल्या त्याच्या अ‍ॅनिमेशन मालिकेची गोष्ट २०२४ मध्ये ‘एक्स-मेन ९७’ या नावाने पुढे नेण्यात आली. तिच्यातील मॅग्नेटो हा विरोधक असला तरी त्याचे म्हणणे खोटे नसते. प्रेक्षक त्याच्या मार्गाला नकार देतो, पण त्याची वेदना नाकारू शकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मालिकेत वाघाला हीच जागा द्यावी लागेल. लढाई परिस्थितीशी असेल.

तेंदूच्या हंगामाचा एक भाग

कल्पना करून पाहू. एप्रिल-मे महिना आहे. तेंदूचा हंगाम मोजक्या दिवसांचा, आणि तेवढ्यात अनेक घरांच्या वर्षभराच्या रोख खर्चाची सोय करायची असते. ऊन चढण्याआधी पाने तोडायची म्हणून बाया पहाटेच निघतात, झुडपांमध्ये वाकून काम करतात. सत्तर पानांचे एक पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वाकलेला माणूस वाघाला उभ्या माणसासारखा दिसत नाही, हे रानात वावरणारा प्रत्येक जण जाणतो.

त्याच सुमारास एक तरुण वाघ आईपासून वेगळा होऊन स्वतःचे क्षेत्र शोधतो आहे. दोन वर्षांच्या आसपास प्रत्येक वाघाला हे करावेच लागते. ताडोबा आणि ब्रह्मपुरीकडचे असे कित्येक वाघ वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत पोहोचले आहेत. या वाघाच्या मागे रस्ता आहे, पुढे शेत आहे आणि मधल्या झुडपात तेंदू तोडणाऱ्या बाया आहेत.

चमूत वाद पेटतो. खाणीतल्या मुलाचे म्हणणे, वाघाला पकडून दूर सोडा. माडिया मुलगी म्हणते, त्याची वाट मोकळी करा, तो आपणहून जाईल. कोरचीच्या मुलाला बोलणी नकोत, कृती हवी. दोन दिवस काम बंद ठेवा, असे कोणी म्हणावे, तर घरात पैसा येणार कोठून? येथे एकही पात्र वाईट नाही, तरीही एखाद्याचा जीव जाऊ शकतो. नाट्य यापेक्षा वेगळे काय असते?

या पेचातून बाहेर पडण्याची रीतही जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाची ख्याती केवळ हक्कासाठी नाही. तेथे ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते; एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. महानायकांच्या चमूला याहून चांगला कथानियम मिळणार नाही. आपल्या भागातही पाचही जणांचे एकमत होईपर्यंत त्यांच्या शक्ती एकत्र काम करणार नाहीत. शेवटी ठरते ते एवढेच, की पहाटेऐवजी उजाडल्यावर निघायचे, गटाने तोडणी करायची, नदीकडची पट्टी दोन दिवस मोकळी ठेवायची. वाघ रात्री नदी पार करतो. विजयाचा जल्लोष नाही. संध्याकाळी फळीवर पुडकी मोजली जातात आणि सगळ्या बाया घरी परततात.

पुढच्या भागांना विषयांची वाण नाही. पर्लकोटेच्या पुराने पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत शिरलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने धानाच्या शेतांपुढे नवाच प्रश्न उभा केला.

ठिपके आणि आवाज

चित्रशैलीचा विचार करताना गोंड चित्रकला आठवणे स्वाभाविक आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक २०११ साली साकारले. त्यांनी कॉमिक्सच्या चौकटी नाकारल्या. सौम्य बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे काढले आणि विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी लावली.

ही शैली हलती करणे मात्र सोपे नाही. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. काटकसरीने दर दोन चौकटींना एक चित्र धरले, तरी बावीस मिनिटांच्या भागात सतत हलणाऱ्या एका पात्रासाठी १५,८४० चित्रे लागतात. प्रत्येक चित्रात हजारो ठिपके, आणि ते जरा जरी सरकले तरी पात्राच्या अंगावर मुंग्या धावल्यासारखे दिसते. २०१८ मधील ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ने संगणकीय आकृत्यांवर छापील ठिपके आणि हाताच्या रेषा बसवून दाखवल्या. ते तंत्र येथे उपयोगी पडेल. पण रेषा कोणाची, हे श्रेयनामावलीत आणि मानधनातही दिसायला हवे.

आवाजांसाठी मुंबईला जाण्याचे कारण नाही. वडसा हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटके रंगवते. याच रंगभूमीवरील योगदानासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. माडिया मुलगी माडियात बोलेल, तिचे शब्द मराठी मुलगा चुकीचे समजेल, आणि त्या चुकीतून गोष्ट पुढे सरकेल. सर्वांच्या तोंडी प्रमाण मराठी घातली, तर चमूची अर्धी शक्ती तेथेच संपेल.

अशी मालिका शहरातल्या मुलांना जंगलाची ओळख करून देईल. तिची खरी परीक्षा मात्र सिंदेवाहीतल्या किंवा भामरागडच्या एखाद्या शाळेत होईल. तेथे भाग संपल्यावर मुलांनी ‘वाघ मेला का?’ असे विचारले, तर लेखकाने कागद पुन्हा पुढ्यात ओढावेत. ‘उद्या आपल्या गावच्या बायांनी कोणत्या वाटेने जायचे?’ यावर मुले वाद घालू लागली, तर मालिका जमली.